उष्णकटिबंधीय डोंगरी अरण्यांतील उभयचर व सरीसृपांचे सर्वेक्षण : पद्धती, मर्यादा आणि महाविद्यालयांची भूमिका

सारांश

उष्णकटिबंधीय डोंगरी अरण्यांत उभयचर व सरीसृप प्राण्यांचे वैविध्य विपुल असते. तथापि त्यांतील अनेक प्रजातींचे क्षेत्र अत्यंत मर्यादित असल्याने त्या धोक्याच्या छायेतही असतात. अशा अरण्यांतील प्रजातींच्या याद्या मोठ्या प्रमाणात प्रसिद्ध होत असल्या तरी, शोध किती व कसा घेतला याची नोंद नसलेली यादी पुढील काळातील तुलनेस उपयोगी पडत नाही. प्रस्तुत लेखात सर्वेक्षणाच्या प्रमुख क्षेत्रीय पद्धती, आढळ-संभाव्यतेची संकल्पना, मध्य अमेरिकेतील अनुभव आणि सह्याद्रीच्या संदर्भात महाविद्यालयांना हाती घेता येण्याजोगा कार्यक्रम यांची चर्चा केली आहे.

बीजशब्द : उभयचर, सरीसृप, सर्वेक्षण, शोधश्रम, आढळ-संभाव्यता, सह्याद्री

१. प्रस्तावना

एखादा प्राणी दिसला नाही म्हणजे तो नाही, असे म्हणता येईल काय? या साध्या प्रश्नाची दोन परस्परविरुद्ध उत्तरे निसर्गाने दिलेली आहेत. दक्षिण भारतातील ‘राओर्चेस्टेस चलाझोडेस’ हा झुडपांवर राहणारा बेडूक १८७४ नंतर अभ्यासकांच्या दृष्टीस पडला नव्हता. तो नामशेष झाला असावा अशी शंका घेतली जात होती. ‘लॉस्ट अँफिबियन्स ऑफ इंडिया’ या शोधमोहिमेत तो पुन्हा सापडल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. म्हणजे सुमारे १३६ वर्षे न दिसलेला प्राणी अरण्यात होताच. आपला शोध अपुरा होता. याउलट कोस्टारिकातील मॉन्टेव्हर्दे येथील मेघारण्यात १९८७ साली सोनेरी भेक पंधराशेहून अधिक संख्येने प्रजननासाठी एकत्र आले होते. १९८९ मध्ये एकच नर दिसला. त्यानंतर तो प्राणी कोणालाही आढळलेला नाही आणि २००४ मध्ये त्याची गणना नामशेष प्रजातींत करण्यात आली.

दोन्ही ठिकाणी निरीक्षण एकच होते : ‘आढळला नाही’. अर्थ मात्र भिन्न निघाला. हा फरक ओळखण्याचे साधन म्हणजे पद्धतशीर सर्वेक्षण होय. यादी आणि सर्वेक्षण हे दोन शब्द आपल्याकडे पुष्कळदा समानार्थी वापरले जातात. वस्तुतः यादी काय सापडले एवढेच सांगते. सर्वेक्षण मात्र काय सापडले, किती शोधल्यावर सापडले आणि किती शोधूनही काय सापडले नाही, या तिन्ही बाबी सांगते. प्रस्तुत लेखाचा हाच मुख्य मुद्दा आहे. (या लेखात ‘प्रजाती’ हा शब्द स्पीशीज या अर्थी वापरला आहे.)

२. डोंगरी अरण्यांचे वेगळेपण

समुद्रसपाटीपासून उंच जावे तसे तापमान साधारणपणे दर हजार मीटरला साडेसहा अंश सेल्सिअसने कमी होते. समशीतोष्ण प्रदेशात वर्षभरात तापमान इतके बदलते की तेथील प्राण्यांना हा फरक सोसण्याची सवय असते. उष्णकटिबंधात मात्र एका उंचीवरील तापमान वर्षभर बरेचसे स्थिर राहते. त्यामुळे तेथील प्राणी तापमानाच्या अरुंद पट्ट्याशी जुळवून घेतात आणि पायथ्याची दरी किंवा शेजारची खिंडदेखील त्यांना ओलांडता येत नाही. उष्णकटिबंधातील खिंडी प्राण्यांच्या दृष्टीने अधिक ‘उंच’ असतात, ही कल्पना डॅनियल जॅन्झन यांनी १९६७ मध्ये मांडली. ज्यांचे शरीरतापमान परिसरावर अवलंबून असते अशा उभयचर व सरीसृपांना ती विशेष लागू पडते. उभयचरांची त्वचा ओलसर व पातळ असल्याने त्यांच्यावर आर्द्रतेचेही बंधन असते.

याचा परिणाम म्हणजे प्रदेशनिष्ठता. तापीच्या दक्षिणेपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १६०० किलोमीटर पसरलेल्या पश्चिम घाटात एका डोंगररांगेवर असलेली प्रजाती दुसऱ्या रांगेवर नसणे ही नित्याची बाब आहे. आंबोलीच्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर आढळणारा ‘झँथोफ्रायनी टायग्रिना’ हा भेक २००९ मध्ये वर्णिला गेला. पहिल्या पावसाबरोबर खडकावरील उथळ डबक्यांत त्याचे सामूहिक प्रजनन होते. त्याचा निकटचा आप्त कोयना परिसरातून १९६३ मध्ये वर्णिलेला कोयना भेक होय. कासच्या पठारावरून २०१४ मध्ये ‘नेमास्पिस गिरी’ ही पाल आणि दाजीपूरच्या अरण्यातून २००९ मध्ये ‘नेमास्पिस कोल्हापुरेन्सिस’ ही पाल शास्त्रास ज्ञात झाली. एखाद्या सड्यावर रस्ता, खाण वा पर्यटनगृहे आली, तर अशा प्रजातींना जाण्यासाठी दुसरी जागा नसते.

जागतिक चित्रही हेच सांगते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उभयचरांच्या दुसऱ्या जागतिक मूल्यांकनात ८०११ प्रजातींचा विचार करण्यात आला आणि त्यांपैकी सुमारे ४१ टक्के प्रजाती संकटग्रस्त ठरल्या. सरीसृपांचे असे सर्वंकष मूल्यांकन २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात १०,१९६ प्रजातींपैकी सुमारे २१ टक्के संकटग्रस्त आढळल्या. पृष्ठवंशी प्राण्यांच्या गटांत उभयचरांची स्थिती सर्वांत चिंताजनक आहे.

३. सर्वेक्षणाच्या क्षेत्रीय पद्धती

उभयचरांच्या सर्वेक्षणाच्या प्रमाणित पद्धतींचा संग्रह स्मिथसोनियन संस्थेने १९९४ मध्ये प्रसिद्ध केला व तो आजही आधारभूत मानला जातो. या पद्धतींपैकी एकही सर्वगामी नाही. कारण प्रत्येक पद्धत अरण्याच्या एकेका थरातील प्राणी दाखविते. प्रमुख पद्धती पुढीलप्रमाणे आहेत.

(अ) कालबद्ध दृश्यशोध : ठरावीक वेळ, ठरावीक व्यक्तींनी, बॅटरीच्या प्रकाशात पाने, खोडे, खडक व पाण्याचे काठ पाहत पुढे जाणे. शोधाचे परिमाण ‘मनुष्यतास’ हे असते. दोन व्यक्तींनी अर्धा तास शोधल्यास एक मनुष्यतास होतो. बहुसंख्य बेडूक, पाली व चापड्यासारखे सर्प निशाचर असल्याने सूर्यास्तानंतरचे तीन-चार तास विशेष फलदायी ठरतात. सरडे व सापसुरळ्या यांच्यासाठी सकाळच्या उन्हाची वेळ योग्य असते. त्यामुळे केवळ रात्रीचा शोध अपुरा पडतो. पद्धत स्वस्त आहे, परंतु शोधणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून आहे. अनुभवी व नवशिक्या व्यक्तींच्या नोंदी यासाठी वेगळ्या ठेवाव्या लागतात.

(आ) पट्टा पद्धत : ओढ्याच्या काठाने किंवा अरण्यातून शंभर मीटर लांबीचा, ठरावीक रुंदीचा पट्टा आखून त्यातील प्रत्येक प्राणी नोंदविणे. पट्टा कायमस्वरूपी खुणांनी निश्चित केल्यास तीच जागा वर्षानुवर्षे तपासता येते. दीर्घकालीन तुलनेसाठी ही पद्धत सर्वांत विश्वसनीय होय.

(इ) चौकट पद्धत : पाच बाय पाच किंवा आठ बाय आठ मीटरची चौकट आखून तिच्या चारही बाजूंनी आत सरकत पालापाचोळ्याचा कण न् कण तपासणे. पाचोळ्यात राहणारे लहान बेडूक व सापसुरळ्या यांची घनता यातून मिळते. दक्षिण घाटातील कळक्काड-मुंडन्तुरै येथील वर्षावनाच्या जमिनीवरील उभयचरसमूहांचा २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयातील भारतीय कामाचा महत्त्वाचा नमुना आहे.

(ई) अडथळा-कुंपण व खड्डा-सापळे : जमिनीलगत प्लास्टिकच्या कापडाचे बुटके कुंपण उभारून त्याच्या कडेला बादल्या पुरल्या जातात. कुंपणालगत सरकणारा प्राणी बादलीत पडतो. सह्याद्रीतील मुसळधार पावसात बादल्या पाण्याने भरून प्राणी बुडण्याचा धोका असतो. म्हणून तळाला छिद्रे पाडणे आणि दिवसातून किमान दोनदा तपासणी करणे अनिवार्य आहे. तेवढे मनुष्यबळ नसेल तर ही पद्धत वापरू नये.

(उ) ध्वनी-सर्वेक्षण : नर बेडकाचा आवाज प्रजातीनुसार वेगळा असतो. झुडपांवरील अनेक बेडकांची पिल्ले अंड्यातूनच पूर्ण रूपात बाहेर येतात. त्यांना डबक्याची गरज नसते व त्यांच्या भैरुंड्या अवस्थेचा शोध पाण्यात घेऊन उपयोग नसतो. अशा प्रजाती डोळ्यांपेक्षा कानांनी अधिक सापडतात. ‘ऑडिओमॉथ’सारखी लहान व अल्पमोली स्वयंचलित ध्वनिमुद्रण यंत्रे आता उपलब्ध असल्याने रात्रभराचा आवाज मुद्रित करणे शक्य झाले आहे. मात्र आवाज न काढणाऱ्या प्राण्यांविषयी हे तंत्र मौन बाळगते. शिवाय गृहीतकेही तपासावी लागतात. सह्याद्रीतील ‘निक्टिबॅट्राकस हुमायूनी’ या रात्रबेडकाची मादीदेखील आवाज काढते, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पुढे आले.

(ऊ) उत्खनन : देवगांडूळ हा पाय नसलेला उभयचर आणि खापरखवल्या हा सर्प हे भूमिगत आहेत. वरील कोणत्याही पद्धतीत ते क्वचितच आढळतात. ओलसर माती ठरावीक क्षेत्रफळात उकरणे, दगड उलटून पूर्ववत ठेवणे हाच मार्ग उरतो. २००३ मध्ये आंबोली परिसरातून ‘गेगेनिओफिस डॅनिएली’ आणि २००४ मध्ये सातारा जिल्ह्यातील हुंबरळी येथून ‘इंडोटिफ्लस महाराष्ट्राएन्सिस’ हे देवगांडूळ वर्णिले गेले. इतकी वर्षे ते दृष्टीआड राहिले याचे कारण दुर्मिळता हेच असेल असे नाही. मातीत कोणी शोधले नव्हते हेही एक कारण संभवते.

(ए) पर्यावरणीय डीएनए : ओढ्याचे पाणी गाळून त्यातील डीएनएच्या अंशांवरून प्रजाती ओळखणे. हे तंत्र आश्वासक आहे. परंतु ज्या प्रजातीचा डीएनए-क्रम आधी संग्रहित नाही तिची ओळख पटत नाही आणि प्राण्यांच्या संख्येविषयीही विश्वसनीय माहिती मिळत नाही.

पद्धतींच्या मर्यादांचे ठळक उदाहरण ‘नासिकाबट्राकस सह्याद्रेन्सिस’ हा जांभळा बेडूक होय. ओढ्यात वाढणाऱ्या त्याच्या भैरुंड्यांचे वर्णन विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच झाले होते. पण जवळजवळ संपूर्ण वर्ष जमिनीखाली राहणाऱ्या प्रौढ बेडकाचे शास्त्रीय वर्णन एस. डी. बिजू व फ्रँकी बॉसुइट यांनी २००३ मध्ये केले. हा प्रौढ प्राणी वर्षातून मोजकेच दिवस प्रजननासाठी बाहेर येतो. चुकीच्या महिन्यात केलेले कितीही काटेकोर सर्वेक्षण त्याच्या बाबतीत शून्यच दाखवील.

४. शोधश्रम आणि आढळ-संभाव्यता

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका देवराईत एका वर्षी ६० मनुष्यतास शोध घेऊन २० प्रजाती सापडल्या. दहा वर्षांनी दुसऱ्या गटाने त्याच देवराईत २० मनुष्यतास शोधले आणि १४ प्रजाती नोंदविल्या. दोन याद्या शेजारी ठेवणारा वाचक म्हणेल की सहा प्रजाती नष्ट झाल्या. प्रत्यक्षात पहिल्या सर्वेक्षणातील कोणतेही २० तास निवडले असते तरी कदाचित तेवढ्याच प्रजाती मिळाल्या असत्या. समान श्रमावर आणून तुलना करण्याच्या या गणितास विरलीकरण म्हणतात. ते करण्यासाठी मूळ नोंदी तासागणिक वा फेरीगणिक उपलब्ध असाव्या लागतात. केवळ अंतिम यादी छापली असेल तर तुलनेचा हा मार्ग कायमचा बंद होतो.

शोध पुरेसा झाला की नाही हे पाहण्यासाठी प्रजाती-संचय आलेख काढतात. आडव्या अक्षावर श्रम व उभ्या अक्षावर सापडलेल्या एकूण प्रजाती मांडल्या असता रेषा आरंभी झपाट्याने चढते व नंतर सपाट होत जाते. ती चढत असतानाच काम थांबविले असेल तर यादी अपुरी आहे हे उघड होते. न सापडलेल्या प्रजातींचा अंदाज घेण्याचे एक सुलभ सूत्र अ‍ॅन चाओ यांनी १९८४ मध्ये मांडले. त्यात एकदाच आढळलेल्या प्रजातींच्या संख्येचा वर्ग, दोनदा आढळलेल्या प्रजातींच्या संख्येच्या दुपटीने भागून, तो एकूण प्रजातींत मिळवितात. समजा २४ प्रजाती सापडल्या. पैकी ६ एकदाच व २ दोनदाच दिसल्या. तर अंदाज २४ + (३६ ÷ ४) म्हणजे ३३ होतो. नऊ प्रजाती अद्याप नजरेआड असाव्यात असा त्याचा अर्थ. हा अंदाज किमान मर्यादेचा मानला जातो.

‘नाही’ असे म्हणण्यासाठीही गणित आहे. एखादी प्रजाती त्या ठिकाणी असताना एका फेरीत ती आढळण्याची संभाव्यता ०.३ आहे असे मानू. म्हणजे एका फेरीत ती निसटण्याची शक्यता ०.७. पाच स्वतंत्र फेऱ्यांतही ती निसटण्याची शक्यता ०.७ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे १७ टक्के राहते. ही शक्यता पाच टक्क्यांखाली आणण्यासाठी नऊ फेऱ्या लागतात. संभाव्यता ०.१ इतकीच असेल तर एकोणतीस फेऱ्या कराव्या लागतात. एका पावसाळी सहलीत न दिसलेल्या प्रजातीविषयी ‘येथे आढळत नाही’ असे लिहिणे किती धाडसाचे आहे, हे यावरून ध्यानात येईल. एकाच जागेच्या वारंवार फेऱ्यांतून आढळ-संभाव्यता व व्याप्ती या दोहोंचा एकत्रित अंदाज घेण्याचे प्रतिमान मॅकेन्झी व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडले. त्यासाठी लागणारी सामग्री अगदी साधी आहे : त्याच जागा, पुनःपुन्हा फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत आढळले किंवा नाही याची नोंद. ज्या फेरीत काहीच मिळाले नाही तिची नोंदही तितकीच मोलाची असते. आपल्याकडे बहुधा नेमकी तीच वहीतून गळते.

५. पूर्वनोंदींचे मोल : मध्य अमेरिकेचा अनुभव

हे सर्व गणित प्रत्यक्षात निर्णायक कसे ठरते, हे उष्णकटिबंधीय डोंगरी अरण्यांतील दोन दीर्घकालीन अभ्यासांतून दिसते. पहिला मॉन्टेव्हर्देचा. तेथे सुमारे ३० चौरस किलोमीटर क्षेत्रात ज्ञात असलेल्या ५० बेडूक-भेक प्रजातींपैकी २० प्रजाती १९९० ते १९९४ या काळातील सततच्या शोधात आढळल्या नाहीत. उभयचरांची संख्या निसर्गतःच वरखाली होत असते, त्यामुळे ही तात्पुरती ओहोटी असेल असा आक्षेप होता. अन्यत्रच्या दीर्घकालीन नोंदींवरून नैसर्गिक चढउतारात किती प्रजाती एकाच वेळी दिसेनाशा होतील याचा हिशेब मांडून अभ्यासकांनी १९९७ मध्ये दाखविले की वीस ही संख्या त्या मर्यादेपलीकडची आहे.

दुसरा अभ्यास पनामातील एल कोपे येथील. बट्राकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस ही उभयचरांच्या त्वचेवर वाढणारी बुरशी १९९९ मध्ये वर्णिली गेली. ती डोंगररांगेने पुढे सरकत आहे हे ओळखून कॅरन लिप्स व सहकाऱ्यांनी एल कोपेत ती पोहोचण्याच्या आधीच कायमस्वरूपी पट्ट्यांवर नोंदी सुरू केल्या. २००४ च्या अखेरीस तेथे बेडकांचे सामूहिक मृत्यू घडले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार तेथून ३० प्रजाती नाहीशा झाल्या. त्यांपैकी पाच अशा होत्या की त्यांना शास्त्रीय नावही मिळालेले नव्हते. पूर्वी गोळा केलेले नमुने जतन केले नसते तर त्या होत्या हेही कोणाला कळले नसते.

या पट्ट्यांवर बेडकांबरोबर सापांच्याही नोंदी होत होत्या. साप क्वचितच दिसतात. त्यामुळे प्रत्येक प्रजातीबद्दल स्वतंत्र निष्कर्ष काढण्याइतकी सामग्री नव्हती. तरीही फेरीगणिक नोंदी असल्याने आढळ-संभाव्यतेचा विचार करणारे प्रतिमान वापरता आले. बेडकांच्या ऱ्हासापूर्वी ३० सर्पप्रजाती नोंदल्या होत्या, नंतर २१. सर्पवैविध्य खरोखरच घटल्याची संभाव्यता ८५ टक्के असल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडले गेले. बेडूक व त्यांची अंडी हे अनेक सापांचे भक्ष्य होते. भक्ष्य गेल्यावर भक्षकही ओसरले. उभयचर व सरीसृप यांचे सर्वेक्षण एकत्र करावे, या आग्रहामागे हे शास्त्रीय कारण आहे. येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की ही सामग्री सापांविषयीच्या प्रश्नासाठी जमविलेली नव्हती. शिस्तीने ठेवलेली वही पुढे न कल्पिलेल्या प्रश्नालाही उत्तर देते.

६. सह्याद्रीची स्थिती

याच बुरशीचा संसर्ग उत्तर पश्चिम घाटातील बेडकांमध्ये असल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून स्पष्ट झाले. संसर्ग असूनही हे बेडूक वरकरणी निरोगी होते. मध्य अमेरिकेसारखी पडझड येथे दिसलेली नाही ही समाधानाची बाब होय. परंतु उद्या ती घडू लागली, तर ती ओळखण्यासाठी आजची आधारसंख्या आपल्याजवळ असली पाहिजे. ती काही मोजक्या ठिकाणांपुरतीच आहे. आंबोली, कोयना, महाबळेश्वर अशी रस्त्यालगतची स्थळे अभ्यासकांच्या व छायाचित्रकारांच्या परिचयाची आहेत. अंतर्गत डोंगर, देवराया व खाजगी मालकीचे सडे बव्हंशी अस्पर्शित आहेत. त्यामुळे नकाशावर दिसणारे वैविध्य पुष्कळदा प्राण्यांचे नसून रस्त्यांचे वैविध्य असते.

नावांचाही प्रश्न आहे. गेल्या दोन दशकांत पश्चिम घाटातून मोठ्या संख्येने नवीन प्रजाती वर्णिल्या गेल्या. २०१४ मध्ये नाचऱ्या बेडकांच्या १४ व २०१७ मध्ये रात्रबेडकांच्या ७ प्रजाती एकेका शोधनिबंधात प्रसिद्ध झाल्या. जुने एक नाव अनेक प्रजातींत विभागले जाते किंवा कोयना भेकाप्रमाणे ‘बुफो’ या नावाखालून नव्या नावाखाली जाते. वीस वर्षांपूर्वीच्या यादीतील नाव आज नेमक्या कोणत्या प्राण्याचे समजावे, हे छायाचित्र, ध्वनिमुद्रण किंवा संग्रहालयातील नमुना यांच्या आधाराशिवाय ठरविता येत नाही. यास्तव प्रत्येक नोंदीबरोबर पुरावा आणि प्रत्येक पुराव्याबरोबर ठिकाण, उंची व दिनांक असणे अत्यावश्यक आहे.

७. महाविद्यालयांची भूमिका

या कामासाठी मोठ्या संस्थांकडेच पाहावे असे नाही. पुण्याच्या मॉडर्न महाविद्यालयात प्राणिशास्त्राचे अध्यापन केलेले हेमंत घाटे आणि आबासाहेब गरवारे महाविद्यालयातील आनंद पाध्ये यांनी महाविद्यालयीन अध्यापन सांभाळून उत्तर पश्चिम घाटातील उभयचरांचा पाया घातला. २०१३ मध्ये वर्णिलेल्या ‘राओर्चेस्टेस घाटेई’ या बेडकास घाटे यांचे नाव दिलेले आहे. जांभ्याच्या चिरांत राहणारा म्हणून ‘इंडिराना चिरावासी’ हे अन्वर्थक नाव लाभलेला बेडूक पाध्ये व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये आंबोलीहून वर्णिला. घाटाच्या दोन्ही अंगांना असलेल्या महाविद्यालयांजवळ दरवर्षी नवी विद्यार्थिसंख्या व टिकून राहणारा विभाग असतो. दीर्घकालीन नोंदींसाठी नेमक्या याच दोन गोष्टी लागतात. दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पांना त्या लाभत नाहीत.

विभागाला झेपेल असा किमान कार्यक्रम पुढीलप्रमाणे सुचविता येईल.

एक, जवळच्या डोंगरावर पायथा, उतार व माथा अशा तीन पातळ्यांवर प्रत्येकी चार, असे एकूण बारा शंभर-मीटरी पट्टे आखावेत. त्यांतील निम्मे ओढ्यालगत व निम्मे ओढ्यापासून दूर असावेत. सोयीच्या जागा न निवडता चिठ्ठ्या टाकून निवड करावी.

दोन, जून ते सप्टेंबर या काळात प्रत्येक पट्ट्याची रात्री एकेक, अशा चार फेऱ्या कराव्यात. दोन व्यक्ती व अर्धा तास हे प्रमाण ठेवल्यास हंगामात ४८ मनुष्यतास भरतात. सरीसृपांसाठी ऑक्टोबरनंतर सकाळच्या फेऱ्या जोडाव्यात.

तीन, प्रत्येक फेरीचे प्रपत्र भरावे : दिनांक, आरंभ व शेवटची वेळ, शोधणाऱ्यांची नावे, तापमान, आर्द्रता, मागील चोवीस तासांतील पाऊस, आढळलेले प्राणी, त्यांचे अधिष्ठान व जमिनीपासूनची उंची. काहीही न आढळल्यास ‘शून्य’ असे स्पष्ट लिहावे.

चार, प्रपत्रांच्या प्रती विभागात व ग्रंथालयात जतन कराव्यात. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार गावोगावी तयार होणाऱ्या लोक जैवविविधता नोंदवह्यांनाही ही सामग्री पुरवावी. अतिदुर्मीळ प्रजातींचे अचूक ठिकाण मात्र सार्वजनिक करू नये, अन्यथा चोरट्या व्यापारास व हौशी गर्दीस निमंत्रण मिळते.

८. दक्षता

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित क्षेत्रातील प्रवेश व प्राणी हाताळणे यांसाठी वन विभागाची लेखी परवानगी आवश्यक आहे. दृश्यशोध व ध्वनिमुद्रण यांवर भर दिल्यास हाताळणीचा प्रश्न बराचसा टळतो. विद्यार्थ्यांनी सापास हात लावू नये हा नियम अपवादरहित असावा. भारतात मिळणारे बहुगुणी प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या विषावर तयार केलेले असते. घाटातील अरण्यात हमखास भेटणाऱ्या चापड्याचा त्यात समावेश नाही. गुडघ्यापर्यंतचे बूट, प्रत्येकाजवळ बॅटरी, जोडीनेच हिंडणे व नजीकच्या रुग्णालयाची आगाऊ माहिती या बाबी परवानगीइतक्याच आवश्यक मानाव्यात. एका ओढ्यावरून दुसऱ्या ओढ्यावर जाताना बूट व जाळी घासून, जंतुनाशकाने धुऊन, पूर्ण वाळवावीत. अन्यथा अभ्यासकच बुरशीचे वाहक ठरतील.

९. समारोप

उष्णकटिबंधीय डोंगरी अरण्यांतील उभयचर व सरीसृपांचे वैविध्य समजून घेण्यात सर्वांत मोठी उणीव उपकरणांची नसून नोंदींच्या शिस्तीची आहे. नवीन प्रजातीचा शोध हा संशोधकाच्या आयुष्यातील आनंदाचा क्षण असतो यात शंका नाही. परंतु ज्ञात प्रजातींची काय स्थिती आहे हे सांगण्यासाठी तीच जागा, तीच रीत व तेच श्रम वर्षानुवर्षे आवश्यक असतात. मॉन्टेव्हर्दे व एल कोपे येथील हानी अभ्यासकांना रोखता आली नाही. ती मोजता मात्र आली, कारण आधीच्या वह्या शाबूत होत्या. सह्याद्रीतील एखादा बेडूक उद्या दिसेनासा झाला, तर तो गेला की आपण पुरेसे शोधले नाही, हे सांगता येईल अशी वही आपल्या विभागात आहे काय, हा प्रश्न प्रत्येक प्राणिशास्त्र विभागाने स्वतःस विचारणे अगत्याचे आहे. ती वही सुरू करण्यासाठी येणारा पावसाळा पुरेसा आहे.